मेंढराची शीर

चुल्तेमच्या उजव्या हाताची दोन बोटं सगळ्या खोऱ्यात प्रसिद्ध होती. नोव्हेंबर लागला, नदी कडेकडेने गोठायला लागली आणि हिवाळ्याचं मांस घालून ठेवायचे दिवस आले की त्याला दहा ठिकाणांहून निरोप येत. तसं मेंढरू मारता सगळ्यांनाच येतं; आपल्या मुलखात न येणारा पुरुष दाखवा! उताणं पाडायचं, छातीच्या हाडाखाली हात जाईल एवढी चीर द्यायची, हात आत घालायचा, कण्याला चिकटून धडधडणारी मोठी शीर बोटाच्या आकड्यात पकडायची आणि तोडायची. रक्ताचा थेंब मातीत पडता कामा नये. सगळं आतच साठतं, मग ते पळीने उपसून घ्यायचं. पण दुसऱ्या कुणी हे केलं की मेंढरू चार वेळा पाय झाडायचं. चुल्तेमने केलं की ते नुसता एक लांब श्वास सोडायचं.

त्याची युक्ती साधी होती आणि त्याने ती कुणापासून लपवली नव्हती. मोठ्या शिरेला पोटाच्या पडद्याखाली एक जाड फाटा फुटतो. पुढे तो दुभागतो: एक अंग कलेजी-पाणथरीकडे जातं, दुसरं आतड्यांकडे. चुल्तेम आधी तो फाटा चाचपायचा, मग तिथून दोन बोटं वर सरकायचा आणि तोडायचा. "गाव शोधायचं तर आधी फाटा शोधावा," असं तो शिकवताना म्हणायचा. आणि हात आत गेला की दर वेळी मेंढराच्या कानाशी वाकून म्हणायचा, "झालंच हं बाळा. वर बघ." मेंढरू खरंच आभाळाकडे बघायचं. मन लावून हे शिकला तो एकटा त्याचा मुलगा मागसर. सव्वीस वर्षांचा, बोलायला कमी, हाताला स्वच्छ.

त्या वर्षी जावयाकडचं काम निघालं. खुरेल. मुलगी दुल्मा त्याला देऊन सहा वर्षं झाली होती. खुरेलकडे सातशे जनावरं, दोन ट्रक, कुस्तीत कमावलेले खांदे, आणि तेच खांदे घरात वापरायची सवय. हे चुल्तेमला माहीत नव्हतं असं नाही. दुल्मा दोनदा घोड्यावरून एकटी माहेरी आली होती. पहिल्यांदा कान सुजलेला, दुसऱ्यांदा बरगडी मोडलेली. दोन्ही वेळा चुल्तेमने तिला चहा पाजला, दोन दिवस ठेवून घेतलं आणि स्वतः नेऊन सोडलं. "संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतं," म्हणाला. मागच्या वसंतात तिच्या पोटातलं गेलं तेव्हा घोड्याने पाडलं असं तिने सांगितलं. तो घोडा चुल्तेमनेच दिला होता. लहान पोर शेपटीला लोंबकळलं तरी हलणार नाही असं ते जनावर. चुल्तेमने मान डोलावली आणि विषय बदलला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात; त्या मुठीत आपल्या लेकीचा गळा आहे हे बापाला दिसत होतं आणि तो बघत नव्हता.

तर त्या दिवशी सकाळपासून बारा मेंढरं आणि एक गाय मारायची होती. गायीसाठी कुऱ्हाड काढून गेरच्या दारापाशी, त्या लोकरी नमद्याच्या तंबूला टेकवून ठेवली होती. मदतीला शेजारचा पुरेव त्याची जुनी जीप घेऊन आला होता. चुल्तेम आणि मागसर आळीपाळीने मारत होते, पुरेव सोलत होता, दुल्मा रक्ताची परात उचलून आत नेत होती, आतड्यांत भरायला. खुरेल मालक होता, म्हणून तो पीत होता.

"आवा," तो सासऱ्याला म्हणाला, "तुमची बोटं चालतात, पण पोरीचे पाय चालत नाहीत. जेवली नाही काय गं?"

"सकाळपासून उभी आहे ती," मागसर म्हणाला.

"तुला विचारलं का मेहुण्या? तू मेंढरांशी बोल. तुझ्या बापासारखा." खुरेल हसला. पुरेवही सवयीने हसला.

सातव्या मेंढराचं रक्त परातीत काठोकाठ होतं. दुल्मा ती घेऊन चालली आणि गेरच्या उंबऱ्यापाशी, सकाळी सांडलेल्या पाण्याचा बर्फ झाला होता तिथे, तिचा पाय गेला. परात उलटी झाली. सगळं रक्त मातीत.

मातीत रक्त सांडणं म्हणजे त्या घराच्या कळपावर काय येतं ते प्रत्येकाला आजीने सांगितलेलं असतं. पुरेवने टोपी काढली. चुल्तेमचा हात आठव्या मेंढराच्या पोटात होता.

खुरेल उठला. घाई नव्हती त्याला. दुल्मा गुडघ्यांवर होती, ओंजळीने रक्त परातीत भरत होती. आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं. त्याने तिच्या वेणीचा विळखा मनगटाला घातला आणि तिचं तोंड त्या लाल चिखलात दाबलं.

"चाट," तो म्हणाला. "सांडलंयस ना? चाट सगळं."

तिने हात टेकून उठायचा प्रयत्न केला. त्याने पितळी पळी उचलली आणि तिच्या जबड्यावर मारली. एकदा. आवाज असा आला की खुंटीला बांधलेल्या गायीने मान वर केली. दुसऱ्यांदा मारली तेव्हा दोन दात पळीबरोबर बाहेर आले. मग त्याने पाय वापरला, पोटावर, आणि ती कुशीवर वळली तशी पाठीवर.

"असू दे, जावई," चुल्तेम म्हणाला. "पाय घसरला तिचा."

एवढंच म्हणाला. हात मेंढरात अडकलाय, शीर अर्धी तुटलीय, आता सोडली तर जनावराचे हाल होतील, हे त्याचं निमित्त. पुढे आयुष्यभर त्याला ते वाक्य आठवायचं तेव्हा तोंडाला लोखंडाची चव यायची.

मागसरने दारापाशी टेकवलेली कुऱ्हाड घेतली आणि तिची बोथट बाजू खुरेलच्या कानामागे घातली. खुरेल आडवा झाला, डोळे उघडे, नजर हरवलेली, हात हवेत काहीतरी शोधणारे. मागसरने त्याला पायाने उताणं केलं. एका गुडघ्याने त्याचा दंड दाबला, दुसरा मांडीवर रोवला, अंगातला देल, तो लांब डगला, गळ्यापासून कमरेपर्यंत टराटरा फाडला आणि कमरेचा सुरा काढला. पुढे त्याने जे केलं ते खोऱ्यात कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं. छातीच्या हाडाखाली त्याने हात जाईल एवढी चीर दिली. सुरा दातांत धरला. आणि हात आत घातला.

खुरेल ओरडला तो आवाज माणसाचा नव्हता. त्याने मोकळ्या हाताने मागसरचं तोंड ओरबाडलं, डोळ्याखालून ओठापर्यंत कातडी सोलून काढली. मागसरचा चेहरा हलला नाही. त्याची नजर आभाळाकडे होती, बापाची असायची तशी, कारण बोटं शोधत असतात तेव्हा डोळ्यांचं काम नसतं.

चुल्तेमने मेंढरू सोडलं, धावत आला आणि मुलाच्या कानशिलात बुटाची लाथ घातली. मागसर बाजूला कोसळला. त्याचा हात कोपरापर्यंत लाल होऊन बाहेर आला, आणि त्या हातामागून रक्त आलं. ठिबकत नाही, ठोक्याठोक्याने.

"गाढवा!" चुल्तेम किंचाळला. "माणूस आहे तो! माणूस!"

"माहितेय," मागसर म्हणाला. सुरा त्याच्या दातांतून खाली पडला. "फाटा सापडला आवा. मोठी शीर नाही मिळाली. वेळ नाही मिळाला."

चुल्तेमने खुरेलची बाटली उचलून स्वतःच्या हातावर खांद्यापर्यंत ओतली, गुडघे टेकले आणि त्याच चिरेतून हात आत घातला.

माणूस आतून मेंढराइतकाच गरम असतो. चुल्तेमला याची शिसारी आली आणि त्याच क्षणी धीरही आला, कारण बोटांना सगळं ओळखीचं होतं. जठर बाजूला सारलं, पडदा लागला, पडद्याखाली कणा, कण्यावर ती. उड्या मारत होती. तिच्यावरून बोटं खाली घसरवली तर पुढे आलेला जाड फाटा हाताला लागला, एकच, मेंढरात असतो तसा. त्याच्या पुढच्या एका अंगाचं तोंड फाटलेलं होतं, चिंध्या झालेल्या, नखाने उचकटल्यासारख्या, आणि त्यातून सगळं बाहेर येत होतं. सुऱ्याने असं फाटत नाही. चुल्तेमने तो फाटा बुडाशी दोन बोटांच्या चिमटीत धरला आणि दाबला.

रक्त थांबलं. विहिरीवरचा नळ बंद करावा तसं.

"पुरेव, जीप," तो म्हणाला. "आणि रुग्णालयाला फोन लाव. दुल्मा, ऊठ. उठता येतंय का पोरी? मागसर, तू इथेच बस. कुठे जाऊ नकोस."

"कुठे जाणार," मागसर म्हणाला.

---

पाऊण तासाचा रस्ता. जीपची मागची सीट काढून नमदा अंथरला होता. त्यावर खुरेल, त्याच्या पोटात मनगटाच्या वरपर्यंत चुल्तेम, आणि खुरेलच्या उशाशी दुल्मा, मफलरने जबडा बांधलेली. रस्ता म्हणजे काय, दगडांतून गेलेली चाकोरी. प्रत्येक खड्ड्याला चिमटी कणभर सरकायची आणि चुल्तेमच्या मनगटाभोवतून एक गरम उमाळा यायचा. मग तो दात खाऊन पुन्हा पकडायचा. दहा मिनिटांत बोटांत मुंग्या आल्या, वीस मिनिटांत बोटं आहेत की नाहीत ते कळेना. नुसता तो ठोका कळायचा. जोराचा, मग बारीक, मग पुन्हा जोराचा.

"चुल्तेम गुआई," पुरेव पुढून ओरडला, एवढ्या घाईतही मानाचं 'गुआई' न विसरता, "आहे ना अजून?"

"आहे. तू रस्ता बघ."

"नाही, म्हणजे गेला असेल तर मी एवढं हाणत नाही. स्प्रिंग तुटायला आलीय."

"आहे म्हटलं ना! हाण!"

खुरेल मधूनच शुद्धीवर यायचा, आईला हाक मारायचा, दुल्माला शिवी द्यायचा आणि परत जायचा. त्याची टाच नमद्यावर आपटत राहायची. दुल्मा त्याच्याकडे बघत नव्हती. ती बापाच्या हाताकडे बघत होती, जिथे तो हात नवऱ्याच्या अंगात शिरला होता तिथे. खाटकाची लेक ती; आत काय चाललंय ते तिला कुणी सांगायला नको होतं.

अर्धी वाट सरली तेव्हा ती बोलली. जबडा हलत नव्हता, शब्द मफलरमधून चेंगरून आले.

"आवा. सोडा."

चुल्तेमला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्याने तिचे डोळे पाहिले. नाही, बरोबर ऐकलं होतं.

"सोडा आवा. कुणाला कळणार? खड्डा आला, हात सुटला."

पुरेव मान न वळवता गाडी चालवत होता. त्याच्या मानेवरचे केस उभे राहिलेले मागून दिसत होते.

"सोडली तर मागसर खुनी होतो," चुल्तेम म्हणाला. "आयुष्य जाईल पोराचं आत."

दुल्माने विचारलं, "आणि धरलीत तर मी?"

बासष्ट वर्षांचा माणूस, हजारो जनावरांना जाताना धीर देणारा, आणि स्वतःच्या मुलीला द्यायला त्याच्याकडे एक शब्द नव्हता. त्याला तो गरीब घोडा आठवला. "पाय घसरला तिचा" आठवलं. बोटं ढिली करायला काही करावंच लागणार नव्हतं, ती आपणहून ढिली होतच होती. मेहनत होती ती धरून ठेवण्याची. आणि त्याची इच्छा झाली, अगदी मनापासून, की सोडून द्यावं. या माणसाचं सगळं रक्त या नमद्यात जिरू द्यावं आणि घरी जाऊन चहा प्यावा. ही इच्छा इतकी मोठी होती की त्याला स्वतःची भीती वाटली.

पण मागसरचं रक्ताळलेलं तोंड डोळ्यांपुढे आलं आणि त्याने डाव्या हाताने उजवं मनगट पकडून चिमटी आणखी आवळली.

दुल्मा खिडकीबाहेर बघायला लागली.

---

शस्त्रक्रियेच्या खोलीत चुल्तेमला हातासकट नेलं. त्याचा देल कापून काढला, डोक्याला टोपी घातली, अंगावर तपकिरी औषध ओतलं. डॉक्टर बाई ठेंगणी, चाळिशीची, नाव उन्द्राम, आणि जीभ सुरीसारखी.

"हात काढायचा नाही."

"काढत नाहीये."

"कुठे धरलंय?"

"फाट्यावर."

"कोणत्या? वरच्या की खालच्या?"

"एकच आहे."

"माणसात दोन असतात, गुआई. एक वर, जठर-कलेजीचा. त्याच्या बोटभर खाली दुसरा, आतड्यांचा. तुम्ही वरचा धरला असणार. हलू नका."

शिकलेल्या माणसाशी वाद घालायची त्याची पद्धत नव्हती. तिने चीर बेंबीपर्यंत वाढवली, लोखंडी पंज्यांनी पोट दोन्ही बाजूंना ताणलं, साठलेलं रक्त नळीने ओढलं, आणि पुस्तकाने सांगितलं होतं तिथे, चुल्तेमच्या बोटांच्या थोडं वर, चिमटा लावला.

"आता सावकाश सोडा. एकदम नाही."

चुल्तेमने बोटं उघडली. रक्ताची चिळकांडी वर उडाली ती दिव्यावर, तिच्या चष्म्यावर, भूल देणाऱ्याच्या गळ्यावर. यंत्र कर्कश ओरडायला लागलं. एक नर्स घसरून पडली.

"धरा! धरा! धरा!"

तिने पहिल्यांदा म्हणायच्या आत त्याने धरलं होतं.

"रक्तदाब नाहीये," भूल देणारा म्हणाला. "मॅडम, जातोय हा."

"कळतंय मला!" चष्म्यावर लाल पडदा आला होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता. तिने पुन्हा वर शोधलं. तिथे नव्हतंच काही. तिने दुसऱ्यांदा शोधलं, तिसऱ्यांदा. तिचा हात थरथरायला लागला, आणि ते चुल्तेमला आपल्या मनगटाला लागून कळलं. घाबरलेल्या मेंढराची कातडी अशीच थरथरते.

"पोरी," तो म्हणाला. मुलीशी बोलावं तसंच, हळू. "तुझी वरची शीर याच्यात नाहीये. डोळे मीट. माझ्या बोटामागून ये. हां, खाली. आणखी खाली. आता लागतंय बघ, जाड. एकच खोड आहे, पुढे जाऊन फुटतंय. शेळी-मेंढीत असतं तसं."

उन्द्रामने खरंच डोळे मिटले. तिचं बोट त्याच्या बोटावरून घसरत गेलं आणि थांबलं.

"अरे देवा," ती म्हणाली. "दोन्ही एकातूनच निघालेत."

"तेच म्हणतोय मघापासून."

"शंभरात एखाद्याच्या पोटात असतं असं. वाचलं होतं. बघितलं नव्हतं कधी."

"मी रोज बघतो," चुल्तेम म्हणाला. पडलेली नर्स उठता उठता हसली आणि मग तिला रडू आलं.

चिमटा बरोबर जागी बसला. पाणथरीकडे जाणारं अंग फाटलं होतं. ते तिने बांधलं, पाणथरी काढून टाकली, खोड पुन्हा मोकळं केलं. पांढरी पडलेली आतडी हळूहळू गुलाबी झाली. चुल्तेमने हात बाहेर काढला तेव्हा ती दोन बोटं सरळ होईनात. नर्सने ती एकेक करून, कोमट पाण्यात धरून उघडली.

संध्याकाळी उन्द्रामने बाकावर त्याच्या शेजारी बसून औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून दाखवलं. एक उभी जाड रेघ, तिला फुटलेलं एकच खोड, खोडाला दोन फांद्या. "बघा. बाकीच्यांची एक शीर गेली तर दुसरी थोडंफार भागवते. याचं सगळं या एकावर. जठर, कलेजी, आतडी. हे बुडाशी तुटलं तर याच्या पोटात काही जगत नाही. त्याच्या कागदांत लिहून ठेवलंय मी, पुढे कुणी पोट उघडलं तर त्याला माहीत असावं." मग तिने पेन खिशात ठेवलं. "सुरा इतक्या आत कसा गेला हेच कळत नाहीये."

"सुरा नव्हता," चुल्तेम म्हणाला.

उन्द्रामने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या बोटांकडे. ती चिठ्ठी तिने त्याला दिली आणि आत निघून गेली.

---

मागसरने पळ काढला नव्हता. त्याने आठवं मेंढरू पुरं केलं होतं, आठही कातडी दुमडून ठेवली होती, गायीला पाणी दाखवलं होतं, आणि मग स्वतःच पोलिसांना फोन केला होता. चौकीत त्याने काय केलं ते जसंच्या तसं सांगितलं. आता प्रश्न खुरेल काय सांगतो याचा होता. मारामारीत सुरा लागला म्हणाला तर एक, जनावरासारखा कापला म्हणाला तर दुसरं.

नवव्या दिवशी चुल्तेम रुग्णालयात गेला. थर्मासमध्ये मेंढीचा रस्सा होता. दुल्मा बरोबर आली होती, पण ती बाहेर पुरेवच्या जीपमध्येच बसली. जबडा तारांनी बांधलेला, नळीने पातळ प्यायची, आणि ती नऊ दिवस बापाच्या गेरमध्ये होती. या नऊ दिवसांत तिने त्याला एकदाही काही विचारलं नव्हतं. जीपमधला तो प्रश्न तसाच दोघांच्या मध्ये बसलेला होता, जेवताना, झोपताना, शेण्या गोळा करताना.

खुरेल उशीला टेकून बसला होता. गाल आत गेले होते, पण जीभ शाबूत होती.

"या आवा, या. तुमच्यामुळे वाचलो म्हणे. डॉक्टरीण सगळ्यांना सांगत फिरतेय." त्याने खोलीतल्या दुसऱ्या रिकाम्या खाटेकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "उपकार मानतो. पण पोराला सोडणार नाही हां मी. मेंढरासारखा कापला मला. पंधरा वर्षं आत घालतो की नाही बघा."

"बरं," चुल्तेम म्हणाला. तो रस्सा वाडग्यात ओतत होता.

"म्हणजे अगदीच असं नाही. तुम्ही घरचे. दुल्माला सांगा, डिस्चार्जच्या दिवशी घ्यायला ये म्हणावं. कपडे धुवून, नीट. चूल नऊ दिवस थंड आहे माझी. ती नीट वागली तर मीही जबानी नीट देईन. मारामारी झाली म्हणेन. कसं? तुमची मुलगी तुमच्या मुलाला सोडवू शकते. बापाला आणखी काय पाहिजे?"

चुल्तेमने वाडगा खाली ठेवला. खिशातून ती चिठ्ठी काढली, उलगडली आणि खुरेलच्या पांघरुणावर ठेवली.

"हे काय?"

"तुझं पोट. डॉक्टरीणबाईने काढलंय. शंभरात एकाचं असं असतं म्हणाली. सगळं एकाच खोडावर."

"मग?"

चुल्तेम खाटेच्या कडेला बसला. डावा हात त्याने खुरेलच्या खांद्यावर ठेवला, प्रेमाने ठेवावा तसा, आणि उजव्या हाताची दोन बोटं पांघरुणाखाली सरकवून छातीच्या हाडाखाली, जिथे टाके सुरू होत होते त्याच्या अगदी शेजारी टेकवली. दाबली नाहीत. नुसती टेकवली. बोटांखाली, खोल आत, ठोका लागला. तोच ठोका, पाऊण तास हातात धरलेला. त्याने बोटं केसभर डावीकडे सरकवली, मग थोडी खाली, आणि बरोबर त्यावर थांबवली.

खुरेल खोऱ्यातच जन्मलेला. त्याने ही बोटं लहानपणापासून पाहिली होती.

चुल्तेम त्याच्या कानाशी वाकला.

"झालंच हं बाळा," तो म्हणाला. "वर बघ."

खुरेलने वर पाहिलं. छताकडे, पांढऱ्या चुन्याकडे, डोळे ताठ. पांघरूण ओलं झालं आणि खोलीत मुताचा वास पसरला.

"आता ऐक," चुल्तेम तसाच हळू बोलत राहिला. "दुल्मा येणार नाही. आज नाही, कधीच नाही. तिच्या वाटेला तू गेलास, तिच्या अंगणात तुझी सावली पडली, तर मी येईन. डॉक्टरीणबाईला हे शोधायला तीन खेपा लागल्या, मला अंधारातही एक पुरे. त्या दिवशी धरली होती ना मी? पुन्हा धरायची नाही मला."

"आणि... आणि मागसर?" खुरेल कसाबसा बोलला. "मी मारामारी म्हणतो. मारामारीच म्हणतो आवा."

नऊ रात्री तो यावरच जागला होता. हो म्हणणं किती सोपं होतं! पोरगा घरी आला असता. पण मुलाला सोडवायचं म्हणून एकदा त्याने हा जीव मुठीत धरला होता, मुलीच्या डोळ्यांदेखत, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली होती. आता पुन्हा तिचा सौदा करायचा नव्हता त्याला.

"जे झालं तेच सांग," तो म्हणाला. "मागसरने केलं ते सगळं. त्याने स्वतः कबूल केलंय, तो फेडेल. पण सुरुवातीपासून सांग. परातीपासून. पळीपासून. आणि वसंतातला घोडाही सांग."

त्याने बोटं काढली, चिठ्ठीची घडी घातली आणि पुन्हा खिशात ठेवली. वाडगा खुरेलच्या हातात दिला, कारण आजाऱ्याला रस्सा न देता उठणं वाईट दिसतं.

"पी. गार होतोय."

बाहेर थंडी कडाक्याची होती. दुल्मा जीपमध्ये काचेवर बोटाने बर्फ खरवडत बसली होती. चुल्तेम तिच्या शेजारी बसला आणि पुरेवने गाडी काढली.

"तू विचारलं होतंस," तो म्हणाला, "धरली तर मी, म्हणून. मला त्याआधीच सुचायला हवं होतं. तू पहिल्यांदा आलीस तेव्हाच."

दुल्माने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तारांमधून तिने एवढंच विचारलं, "काय म्हणाला तो?"

"वर बघितलं त्याने."

ती खाटकाची लेक. तिने बापाचा उजवा हात मांडीवर घेतला, ती दोन वाकडी राहिलेली बोटं आपल्या दोन्ही तळव्यांत धरली आणि गाव मागे पडेपर्यंत चोळत राहिली.